हेडवीची बामणघळ बघायची तर रविवार नको, त्रयोदशी बघा

कोकणात हेडवीच्या किनाऱ्यावर भरतीला कातळाच्या भेगेतून पाणी उंच उडतं, ती बामणघळ. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्यात पाणीच नव्हतं. अमळनेरहून आम्ही बावीस जण एका टूरच्या गाडीने गेलो होतो. रविवार, दुपारचे पावणेचार. खडकावर शंभर-सव्वाशे माणूस, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि सगळे एका काळ्या भेगेत वाकून बघताहेत. तळाशी घोटाभर पाणी चुळबुळत होतं. आमच्या शेजारच्या आक्का म्हणाल्या, "पानी कोठे गये भो?" गाडीवाल्याने सांगून टाकलं, कधी उडतं कधी नाही उडत, नशिबाचा भाग आहे. वीस मिनिटांत आम्हाला परत गाडीत कोंबलं.

दोन वर्षांनी मी भरतीचं गणित शिकलो, तेव्हा जुनं कालनिर्णय शोधून काढलं. आमच्याकडे मागच्या वर्षांची कॅलेंडरं फेकत नाहीत, दुधाचा हिशेब असतो त्यांच्यावर. बघतो तर त्या रविवारी त्रयोदशी होती. म्हणजे घळ सकाळी पावणेदहाच्या सुमाराला उसळत होती, आणि पावणेदहाला आम्ही बावीस जण गणपतीपुळ्याला दर्शनाच्या रांगेत चपलांवर लक्ष ठेवून उभे होतो. गाडीवाल्याने नशिबाच्या नावावर खपवलं, ते सगळं वेळेचं होतं.

मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. धुळे, चोपडा, पारोळा, मधे काही वर्षं पुण्याची रातराणी. कंडक्टरला गर्दी कळते, तिकिटं देऊन देऊन कळते. सकाळी सातची कॉलेजची गाडी घ्या, पाय ठेवायला जागा नाही, दरवाजात पोरं लोंबकळताहेत. तीच गाडी साडेनवाला उलटी निघते तेव्हा मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या आणि एक मेथीचं गाठोडं. रस्ता तोच, गाडी तीच, भाडंही तेवढंच. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला जादा गाड्या सोडायचो तेव्हाही हेच बघायचो, सगळ्यांना एकाच तासाला पोचायचं असतं. त्या तासाच्या दीड तास आधी जो माणूस निघतो त्याला खिडकी मिळते. कोकणातही हाच हिशेब लागतो. फक्त तिथे एक जादा वेळापत्रक असतं, समुद्राचं, आणि ते आपल्या खान्देशातल्या माणसाला माहीत नसतं. आपल्याकडे तापीला पूर येतो आणि ओसरतो, पण दिवसातून दोनदा नाही.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हेडवी हे रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात समुद्रकाठचं गाव. वरच्या अंगाला दशभुजा गणपतीचं देऊळ, खाली किनाऱ्याला उमामहेश्वराचं. या खालच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक लांबट, अरुंद चीर आहे. समुद्राकडचं तोंड उघडं, आतलं टोक बंद. भरतीची लाट तोंडातून आत घुसते, दोन्ही अंगांना कातळ, पुढे वाट नाही, मागून दुसरी लाट रेटते. मग पाण्याला वर जाण्यावाचून जागाच उरत नाही. केळीच्या बागेत ठिबकची मेन लाइन फुटली की पाणी जसं उभं राहतं, तसं. फक्त ते खारं, आणि त्याच्या आधी खडकाच्या पोटातून एक दणका ऐकू येतो. कुणी एक ब्राह्मण या घळीत पडून बुडाला म्हणून बामणघळ, असं सांगतात. सुरक्षेचं बोलताना ही गोष्ट मी पुन्हा आठवून देणार आहे.

आता गणित. दुसऱ्या खेपेला आम्ही ज्यांच्या घरी मुक्काम केला त्या काकांनी मला ते जेवणाच्या पानावर शिकवलं. आमच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करायला लावत. मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, पण पाऊणकीचा उपयोग ६०व्या वर्षी हेडवीत झाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ, म्हणून द्वादशीला पूर्ण भरती नऊच्या सुमाराला. त्रयोदशीला पावणेदहा. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा-अमावस्या दोन्हीला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. मग परत एकपासून सुरुवात. द्वितीयेला दुपारी दीड, चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसात दोन भरत्या असतात, दुसरी साधारण साडेबारा तासांनी येते, आणि दोन भरत्यांच्या मधोमध, सव्वासहा तासांवर, पूर्ण ओहोटी. पावणेदहात सव्वासहा मिळवले की दुपारचे चार. आमचा पावणेचारचा रविवार इथे उलगडला.

हे ढोबळ आहे. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, कधी त्याहून थोडा जास्तही. तिथी एक दिवस लोप पावली की बिघडतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर रत्नागिरीच्या भरतीची वेळ बघून घ्यायचीच. पण दोन महिने आधी रजा टाकायची आणि तिकीट काढायचं असतं, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

नुसती भरती असून भागत नाही, तिच्यात जोर पाहिजे. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते, आणि खरा जोर त्यानंतरचे एक-दोन दिवस टिकतो. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असते, पाणी चढतं पण त्यात जीव नसतो. आता अडचण इथे आहे. उधाणाची भरती या किनाऱ्यावर नेहमी सव्वाअकरा ते दीडच्या दरम्यानच येते, आणि टूरच्या गाड्याही हेडवीला त्याच वेळात येतात. सकाळी गणपतीपुळे, मग जयगडची फेरीबोट, दुपारी हेडवी, संध्याकाळी वेळणेश्वर नाहीतर गुहागरला सूर्यास्त, असा त्यांचा ठरलेला फेरा. उलट बाजूने येणारे गुहागरला नाश्ता करून निघतात, तेही अकरा-साडेअकराला इथेच. म्हणजे पौर्णिमेला गेलात तर पाणीही भरपूर आणि माणूसही भरपूर.

त्रयोदशी म्हणूनच माझी लाडकी. पौर्णिमा नाहीतर अमावस्या दोन दिवसांवर आलेली असते, पाणी चांगलं अंगात आलेलं असतं, आणि वेळ पावणेदहा. पहिली गाडी येण्याआधी तास-सव्वा तास घळ तुमची. द्वादशी थोडी सौम्य, पण लहान मुलं किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर तीच बरी. चतुर्दशीला जोर जास्त, पण साडेदहा म्हटल्यावर शेवटची पंधरा-वीस मिनिटं गर्दीत जाऊ शकतात. महिन्यात दोन त्रयोदश्या, दोन द्वादश्या, दोन चतुर्दश्या. यातला एखादा तरी दिवस बहुतेक वेळा बुधवार-गुरुवारच्या जवळ येतो.

बुधवार-गुरुवारच का? शनिवार-रविवारचं सांगायला नको. मंगळवारी गणपतीचा वार. मंगळवारची गर्दी काय चीज असते हे अमळनेरच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, मंगळग्रह मंदिराच्या रस्त्याला आम्ही दर आठवड्याला बघतो. सोमवारी वेळणेश्वरला महादेवाची माणसं, श्रावणात तर विचारू नका. शुक्रवारी दुपारपासून मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरायला लागतात. उरले दोन. चतुर्थी कुठल्याही वारी आली तरी टाळा, विनायकी असो की संकष्टी. आणि अंगारकी असली तर घरीच मोदक करून खा.

मोसमाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीच्या सुट्ट्या, मे महिना, २६ जानेवारी-१५ ऑगस्टला लागून आलेला शनिवार-रविवार, हे कुणीही सांगेल. शिमग्याला आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावाला येतात, तेव्हा रेल्वेत पाय ठेवता येत नाही आणि मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. तो त्यांचा सण आहे, त्यांच्या घरी ते जाताहेत, आपण त्यात मधे कशाला?

जानेवारीचा मधला आठवडा, किंवा फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षांचा सुमार, तेव्हा माणूस कमी असतं हे खरं. मी तेव्हाही गेलोय. पण हिवाळ्यात समुद्र मवाळ असतो, लाट छोटी, घळीत पाणी येतं आणि फुस्स करून परत जातं. एकांत मिळतो, तमाशा मिळत नाही. जून-जुलैत तमाशा म्हणाल तर विचारू नका, पण तो आपल्यासारख्याने बघायचा नाही. १ जून ते ३१ जुलै खुद्द कोळी बांधवांची यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते आत जात नाहीत, तिथे आपण ओल्या शेवाळलेल्या कातळावर उभं राहून फोटो काढायचे?

या दोन्हींच्या मधे एक फट आहे आणि ती मला चुकून सापडली. पितृपक्ष. गौरी-गणपती आटोपून चाकरमानी परत गेलेले असतात, नवरात्र यायचं असतं, आणि पितृपक्षात लोक सहसा सहलीला, देवदर्शनाला निघत नाहीत. पाऊस उतरणीला लागलेला, पण समुद्राची पावसाळी घुसळण अजून पूर्ण शांत झालेली नसते. आपल्याकडे मूग-उडीद निघालेला आणि कपाशीची वेचणी जोरात लागायची असते, त्यामुळे शेतीवाल्यालाही चार दिवस निघतात. मी त्या वेळी का गेलो, तर माझ्या साडूच्या मुलाने लग्नाच्या बस्त्याला यायचं ठरवलं होतं, मग कुणीतरी त्याला आठवण करून दिली की पितर चालू आहेत, बस्ता पुढे गेला आणि माझे ते दिवस मोकळे राहिले. बायको आधी नको म्हणत होती. मी म्हटलं, आपल्या घरची तिथी अष्टमीला झाली, पितरांचं जेवण झालं, आता त्यांना समुद्र दाखवायला काय हरकत आहे? त्रयोदशीला सकाळी आठला आम्ही घळीवर पोचलो, तर तिथे एक माणूस गरी टाकून बसलेला आणि एक कुत्रं. बस.

तेव्हापासून चार वेळा गेलो, त्यातल्या तीन वेळा पितृपक्षातच. एकदा पावसाने धुऊन काढलं, ते धरून चाला. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते, रेनकोट न्या.

जायचं कसं? आपल्या लोकांना वाटतं कोकण म्हणजे आधी मुंबई गाठायची, तिथे सामान घेऊन लोकलच्या गर्दीत घुसायचं. तसं नाही. दिल्लीहून केरळला जाणारी मंगला लक्षद्वीप भुसावळवरून येते आणि कल्याण-पनवेल करून थेट कोकण रेल्वेला लागते. रात्री भुसावळला चढलं की दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरी, मधे गाडी बदलायची नाही. लांबची गाडी असल्यामुळे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच करून टाकावं. तिथी आधी ठरवायला लागते ती यासाठीच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि पितृपक्षात ते बहुधा चालूच असतं, म्हणून वेळ नव्याने बघून घ्या, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

रत्नागिरीला उतरल्यावर सगळे गणपतीपुळ्याला धावतात. पंचवीस-एक किलोमीटर. तुम्हीही जा, पण दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे घ्या, देऊळ उघडल्या उघडल्या. टेकडीभोवतीची प्रदक्षिणा सकाळी मोकळी असते, समुद्राचा वारा अंगावर घेत निवांत होते. दहानंतर त्याच वाटेवर चणे-फुटाणे आणि टोप्या विकणारे आणि विकत घेणारे, दोघेही असतात. मग जेवून जयगड. तिथून शास्त्री नदीच्या खाडीवर फेरीबोट, पलीकडे तवसाळ. बोटीत गाड्याही चढतात, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. चालत येणाऱ्याला मात्र रांग आडवी येत नाही. पंधरा गाड्या उन्हात उभ्या असतात आणि आपण पिशवी घेऊन सरळ चढतो, तेव्हा आयुष्यभर एस.टी.ने फिरल्याचं चीज होतं. पलीकडे तवसाळला रिक्षा मिळेलच असं धरू नका. ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांनाच फोन करून सांगायचं, ते कुणालातरी पाठवतात.

एस.टी.चं सांगतो, कारण ते माझं माहेर. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट, आणि १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. कंडक्टरला पिशवीच्या तळातून कार्ड काढणाऱ्या माणसाइतका राग कुणाचाच येत नाही.

मुक्काम हेडवीतच करा, किंवा फार तर वेळणेश्वरला. सगळी युक्ती यावरच उभी आहे. गुहागरला किंवा गणपतीपुळ्याला राहून सकाळी निघालात, की तुम्ही आपोआप टूरच्या गाडीच्या वेळापत्रकात बसलात. गावात घरगुती सोय करणारे आहेत. जेवण आधी सांगावं लागतं, किती माणसं आणि शाकाहारी किती तेही, कारण ते तेवढंच शिजवतात. आपल्या लोकांनी एक मात्र मनाची तयारी ठेवावी, तिथल्या आमटीत तिखट नसतं. नारळ असतो, कोकम असतं, थोडा गूळही असतो. मी पहिल्या दिवशी हळूच पिशवीतून ठेचा काढला. काकूंनी बघितलं, चमचाभर मागून घेतला, आणि नंतर त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते बामणघळीपेक्षा कमी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सोलकढी तीन वाट्या प्यायलो, फिटंफाट झाली.

आता प्रत्यक्ष सकाळ. त्रयोदशी धरून सांगतो, बाकी तिथीला वेळ सरकवून घ्या. सव्वासातला चहा. आठपर्यंत उमामहेश्वर. देवळात दोन मिनिटं टेका, मग कातळावर जा. या वेळी पाणी घळीत नुसतं चाचपत असतं. हाच वेळ जागा हेरायचा आहे, फोटोचा नाही. कातळाचा रंग बघा. जिथपर्यंत तो ओला आणि काळाभोर आहे तिथपर्यंत समुद्राचा हात पोचतो. कोरड्या, राखाडी भागात पाच-सहा पावलं मागे जाऊन उभं राहायचं. भरती चढती असते, म्हणून ही ओली रेघ तुमच्याकडे सरकत राहते, दर दहा मिनिटांनी तुम्हीही मागे सरका. हिरवट दिसेल तिथे पाय अजिबात नको, ते शेवाळ आहे. गुळगुळीत चपला खोलीवर ठेवा, तळाला खाचा असलेले बूट किंवा सँडल घाला.

लाटा मोजत बसू नका. कुणी म्हणतं सातवी मोठी, कुणी म्हणतं नववी. आम्ही मोजल्या, काही खरं नाही. आठ-दहा साध्या येतात, वाटतं एवढंच आहे, माणूस दोन पावलं पुढे जातो, आणि मग एक येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, घळीच्या ओठावर तर नाहीच. ज्याच्या नावाने ही घळ ओळखली जाते तो बिचारा काही पोहायला उतरला नव्हता.

पावसाळ्याच्या मागे-पुढे जाणार असाल तर आणखी एक काम. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, समुद्राची माहिती देणारी. उंच लाटा येणार असतील तर ती किनाऱ्याला इशारा देते, बातम्यांतही येतं. रत्नागिरी किनाऱ्याला इशारा असला तर त्या दिवशी घळ लांबून, देवळाच्या अंगणातून बघायची. आणि गरी टाकून बसणारा माणूस जर त्या दिवशी आलेला नसेल, तर त्यालाही काहीतरी कळलेलं आहे असं समजा.

साडेआठच्या पुढे आवाज बदलतो. आधी खडकात कुणी पोतं आपटावं तसा धप्प. मग थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम पांढरं पाणी भेगेतून उभं राहतं, वरच्या वर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं, आणि कातळावर गारांसारखं कोसळतं. माझी बायको, जी चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही बेताला चांगलं म्हणाली नाही, ती तेव्हा नुसती "माय वं" म्हणाली आणि माझा दंड धरला. सव्वानऊ ते पावणेदहा हा सोन्याचा अर्धा तास. भरती पूर्ण झाल्यावरही थोडा वेळ पाणी तसंच राहतं, लगेच उतरत नाही. साडेदहाला उठा. ज्याला आणखी बघायचं असेल त्याने बघावं, पण पावणेअकरापासून वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजायला लागतात.

नोकरीवाल्यांचा प्रश्न मला दरवेळी येतो. "जिभाऊ, आम्हाले रविवारच मिळतो." ठीक आहे. मग असा रविवार निवडा ज्या दिवशी दशमी ते द्वादशी असेल. भरती साडेसात ते नऊ. शनिवारी संध्याकाळी हेडवीत पोचा, सकाळी सातला घळीवर. दशमीला पाणी कमी उडेल, हे आधीच पोरांना सांगून ठेवा, नाहीतर मोबाईलवर पावसाळ्यातले व्हिडिओ बघून आलेली पोरं तोंड पाडून बसतात. कमी पाणी आणि मोकळा खडक, की भरपूर पाणी आणि समोर दोनशे डोकी, यातलं काय पाहिजे ते घरात आधी ठरवून निघायचं. मी कमी पाणी घेईन.

आणि मेशिवाय सुट्टीच नसेल तर मेमध्ये जा, पण अपेक्षा बदला. आपण जळगावचं ४४-४५चं ऊन खाल्लेली माणसं, कोकणात पारा पस्तीसच्या खाली बघून हसतो. दुसऱ्या दिवशी हसत नाही. तिथला घाम वाळत नाही, सदरा अंगाला चिकटून राहतो, आणि साडेअकराच्या उधाणाला उघड्या कातळावर उभं राहणं म्हणजे तव्यावरची भाकरी. मेमध्येही द्वादशी-त्रयोदशीच धरा. आंब्याच्या पेट्या परतीच्या वाटेवर घ्या, जाताना घेतल्या तर सगळा प्रवास त्यांचीच राखण करण्यात जातो.

एक गोष्ट आपली आपल्यात. सतरा सीटच्या गाडीत सव्वीस माणसं, वर स्पीकर, डिकीत बट्ट्या भाजायच्या गोवऱ्या, असे आपण कुठे उतरलो की दुसऱ्या कुणासाठी गर्दी आपणच असतो. मनुदेवीला श्रावणातल्या रविवारी धबधब्याखाली जे चालतं ते आपण बघतो आणि नाकं मुरडतो. हेडवीला सहा जणांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. जास्त असाल तर दोन तुकड्या करा, एक घळीवर, एक वर दशभुजाच्या दर्शनाला, तासाने अदलाबदल. घळीजवळ मोकळी उभं राहायची जागा थोडी आहे, आणि ती भरली की लोक ओल्या भागाकडे सरकतात.

मागच्या पितृपक्षात आम्ही असेच साडेदहाला उठलो. कातळावरून वर आलो, पाय खारट, बायकोचा पदर ओला. अरुंद रस्त्यावर समोरून मोठी गाडी आली, आमची रिक्षा मागे घ्यावी लागली. गाडीच्या नंबरप्लेटकडे लक्ष गेलं, एमएच १९. खिडकीतून एका टोपीवाल्या आजोबांनी मान बाहेर काढली आणि मी खान्देशचा आहे हे त्यांना कसं कळलं देव जाणे, थेट अहिराणीतच विचारलं.

"पानी शे का भो?"

मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा होत होते.

"शे. पयत जा," मी म्हटलं, "पन खडकवर पयू नका."